सीआरओच्या पडद्यावर चित्र काढायचं आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपनं किंवा कुठल्या तरी कॉलेजच्या लॅबनं जुनं सामान बाहेर काढलं, की त्यातला एखादा सीआरओ (कॅथोड रे ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) फिरत फिरत कुणा पोराच्या टेबलावर येऊन बसतो. मग माझा फोन वाजतो: "सर, ह्याच्यावर चित्र येतं म्हणे?" येतं की. लॅबमध्ये पोरांना हेच यंत्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. पुस्तकी क्रम लावलेला नाही, जसे आठवले तसे लिहिले.

सीआरओ तर लाटा बघायला असतो. त्यावर चित्र कसं काय येणार?

नळीच्या मागच्या टोकाला इलेक्ट्रॉनची बंदूक असते. तिथून निघालेला किरण पट्ट्यांच्या दोन जोड्यांमधून जातो. एका जोडीवर व्होल्टेज दिलं की तो आडवा सरकतो, दुसरीवर दिलं की उभा. एरवी आडवं सरकवायचं काम सीआरओचा टाइम बेस स्वतः करतो, म्हणून आपल्याला लाट दिसते. एक्स-वाय मोड लावला की टाइम बेस बाजूला होतो आणि दोन्ही लगाम आपल्या हातात येतात. एका चॅनेलचं व्होल्टेज म्हणजे ठिपका किती उजवीकडं, दुसऱ्याचं म्हणजे किती वर. ठिपका भरभर फिरवला की डोळ्यांना रेघ दिसते.

टीव्हीपेक्षा हे वेगळं कसं, ते मागांच्या खडखडाटात वाढलेल्या शहापूर-वडगावच्या पोरांना समजावायला सोपं जातं. टीव्हीचं चित्र मागावरच्या कापडासारखं. धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाणारच, नक्षी असो वा नसो. सीआरओवरचं चित्र म्हणजे भरतकाम. सुई जिथं हवी तिथंच जाते आणि बाकीचं कापड कोरं राहतं. म्हणून इथं पिक्सेल नावाची भानगड नाही. रेघ खरोखर रेघच असते, आणि अंधारात ती हिरवीगार रेघ बघितली की मोबाइलचा पडदा काही काळ नकोसा वाटतो.

कोणता सीआरओ घ्यावा? नवा डिजिटल की जुना नळीवाला?

ह्या कामासाठी जुना नळीवाला. दोन चॅनेल, २० मेगाहर्ट्झ, ८ बाय १० सेंटिमीटरचा पडदा. आपल्याकडच्या लॅबमध्ये अ‍ॅपलॅब किंवा सायंटेकचे असे सीआरओ रांगेनं मांडलेले असायचे. ह्यापेक्षा भारी काही लागत नाही.

घेताना चार गोष्टी बघा. ठिपका फोकसच्या नॉबनं बारीक होतो का? इंटेन्सिटी पूर्ण कमी केली की तो विझतो का? दोन्ही पोझिशनचे नॉब फिरवताना खरखर न होता ठिपका सरकतो का? आणि मागच्या बाजूला झेड लिहिलेलं बीएनसी (वायर लावायचं गोल) सॉकेट आहे का? शेवटचं असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, कारण खाली येईलच.

पुढच्या पट्टीवरचे २० मेगाहर्ट्झ हे आकडे उभ्या दिशेचे असतात, हेही ध्यानात ठेवा. एक्स-वाय मोडमध्ये आडवी दिशा खूप मंद असते, बऱ्याच यंत्रांत १ मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून कमी. शिवाय काही यंत्रांत चॅनेल १ म्हणजे एक्स, तर काहींत चॅनेल २. चित्र आडवं पडलेलं दिसलं तर प्रोग्राम तपासत बसू नका, वायरी अदलाबदल करा.

माझ्याकडं डिजिटलच आहे. मग काय करू?

चालवून बघा, पण अपेक्षा बेताची ठेवा. स्वस्त डिजिटल स्कोप आधी मेमरीत नमुने भरतो, मग ते एकदम पडद्यावर मांडतो. त्यामुळं चित्र ठिपक्याठिपक्यांचं आणि झटके देत बदलणारं दिसतं. ठिपका सावकाश गेला तिथं उजळ आणि भरकन गेला तिथं फिकट, ही नळीची गंमतही बहुतेक ठिकाणी येत नाही. तुमचं एक पूर्ण चित्र २० मिलिसेकंदांत होत असेल, तर पडद्यावर आडवे १० भाग धरून टाइम बेस २ मिलिसेकंदांवर ठेवा आणि मग एक्स-वाय लावा. म्हणजे एका खेपेत एकच पूर्ण चित्र भरतं. टाइम बेस फार लांबवला तर चित्रं एकावर एक चढतात, आखडला तर अर्धंच चित्र येतं. "डिजिटलवर येत नाही" अशा तक्रारींपैकी निम्म्या इथंच मिटतात.

डीएसओ१३८ नावाचं छोट्या डिजिटल स्कोपचं किट मिळतं, ते चालेल?

नाही. त्याला एकच चॅनेल आहे.

घरातला जुना नळीचा टीव्ही वापरला तर?

टीव्हीत पट्ट्यांऐवजी तारेच्या गुंडाळ्या असतात आणि आडवी गुंडाळी सेकंदाला १५,६२५ वेळा ठराविक तालात किरण सरकवण्यासाठीच बनवलेली असते. तिला मनाप्रमाणे नाचवायला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. त्यात आत दहा-वीस हजार व्होल्ट. नवशिक्यानं ह्या वाटेला जाऊ नये.

हातात काहीच नाही, आजच्या आज बघायचं आहे. कशानं सुरुवात करू?

मोबाइल किंवा लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटनं. तुटक्या हेडफोनची वायर कापा. पिनचं टोक म्हणजे डावा आवाज, मधली कडी म्हणजे उजवा, बूड म्हणजे ग्राउंड. (माइकवाल्या पिनला एक कडी जास्त असते. ग्राउंड त्या कडीवर आहे की बुडावर ते मीटरनं तपासा आणि माइकची वायर सोडून द्या.) डावा एक्सला, उजवा वायला. अर्धा-एक व्होल्ट मिळतो, तेवढा पुरतो. दोन्हीकडं एकच सूर पण ९० अंश पुढंमागं वाजवला की वर्तुळ. वायकडं दुप्पट वारंवारता दिली की आडवा आठ. ह्या आकृत्यांना लिसाजूचं नाव आहे. त्यानं १८५७ साली आरसे आणि नादकाटे वापरून त्या भिंतीवर पाडल्या होत्या. अमेरिकेत बोडिच नावाच्या गणितीनं १८१५ मध्येच त्यांचा अभ्यास केला होता, पण नाव लागलं लिसाजूचं.

साउंड कार्डवरून चित्र दिलं तर ते मध्येच सरकतं आणि कोपरे थरथरतात. का?

हेडफोनच्या वाटेत कपॅसिटर किंवा फिल्टर असतो. तो स्थिर व्होल्टेज पुढं जाऊच देत नाही, साधारण २० हर्ट्झच्या खालचं सगळं गिळतो. तुम्ही "ठिपका उजवीकडं थांबव" म्हटलं तरी तो हळूहळू मध्याकडं घसरतो. उजवीकडं जास्त रेघा असलेलं चित्र सगळंच डावीकडं ढकललं जातं. सीआरओच्या इनपुटचा स्विच डीसीवर ठेवा, नाहीतर तीच चूक दुसऱ्यांदा होते.

कोपऱ्यांजवळची थरथर वेगळी. साउंड कार्डाचा फिल्टर एकदम वळण घेऊ शकत नाही, तो पुढं जाऊन मागं येतो. कोपऱ्यावर पाच-सहा पॉइंट जास्त थांबा, बरंच शांत होतं.

मग साउंड कार्डऐवजी मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्यायचा तर कोणता?

सगळ्यात कमी खटपट जुन्या ईएसपी३२ मध्ये. त्यात २५ आणि २६ नंबरच्या पिनांवर ८ बिटांचे दोन डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारे भाग) तयार बसलेले आहेत. २५६ बाय २५६ ची जागा मिळते. मात्र एस३ आणि सी३ ह्या नव्या भावंडांत डॅक नाही. दुकानदार "एकच की ओ ते" म्हणून हातात देतो, तेव्हा पाकिटावरचं नाव वाचून घ्या. आणि आर्डुइनोची नेहमीची डॅक-कमांड वापरून एकेक पॉइंट पाठवू नका, फार सावकाश जातो. डीएमएनं, म्हणजे मेमरीतून थेट, पाठवा.

आर्डुइनो ऊनोमध्ये डॅक नाही. पीडब्ल्यूएमला (पिन भरभर चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज काढायची युक्ती) फिल्टर लावून लोक प्रयत्न करतात, पण त्यातून गुळगुळीत वर्तुळापलीकडं फारसं काही निघत नाही. त्याऐवजी रेझिस्टरची शिडी बांधा, आर-टू-आर म्हणतात ती: एक किंमत आणि तिची दुप्पट, अशा दोनच किमतींचे रेझिस्टर. ऊनोवर ८ ते १३ ह्या ६ पिना एक्सला आणि ए० ते ए५ ह्या ६ पिना वायला, म्हणजे ६४ बाय ६४. घड्याळाला, छोट्या खेळाला पुरे. रास्पबेरी पाय पिकोवर पिना भरपूर आहेत, तिथं ८-८ बिटांच्या दोन शिड्या बसतात. १० किलो-ओहमचा एकच माल घेऊन २० किलोच्या जागी दोन जोडले, तर ८ बिटांच्या एका शिडीला २५ रेझिस्टर लागतात, दोन्हीला ५०.

आणखी चांगलं हवं असेल तर एमसीपी४९२२. एकाच चिपमध्ये १२ बिटांचे दोन डॅक. पिकोबरोबर सेकंदाला लाखभर पॉइंट आरामात देतो. त्याची एलडॅक पिन मात्र वापराच. ती नसेल तर आधी एक्स बदलतो, मग वाय, आणि प्रत्येक तिरकी रेघ जिन्यासारखी दिसते.

शिडी बांधली, पण चित्राच्या बरोबर मधून उभी भेग दिसते.

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण बांधणाऱ्यानं स्वतः सोल्डर केलंय हे कळतं. ८ बिटांत १२७ वरून १२८ वर जाताना सगळे बिट एकदम उलटतात. खालच्या सात बिटांची बेरीज आणि वरचा एक बिट ह्यांच्यात फरक असायला हवा फक्त एका पायरीचा, म्हणजे सुमारे ०.४ टक्के. तुमचे रेझिस्टर ५ टक्क्यांचे असतील तर तिथं फट पडणारच. १ टक्क्याचे घ्या, आणि शक्यतो एकाच पट्टीतले, ते एकमेकांशी अधिक जुळतात. वरच्या दोन बिटांचे तरी मीटरवर मोजून निवडा.

रेघा गोलसर, आळशी दिसत असतील तर वायर बघा. १० किलोची शिडी आणि मीटरभर कोअ‍ॅक्सिअल वायर म्हणजे सीआरओच्या इनपुटसकट साधारण १२५ पिकोफॅरड. टाइम कॉन्स्टंट सव्वा मायक्रोसेकंद, आणि ८ बिटांपर्यंत स्थिरावायला त्याच्या साडेपाच पट, म्हणजे ७ मायक्रोसेकंद. वायर आखूड करा, नाहीतर १०:१ प्रोब लावा.

एका चित्रात किती रेघा बसतात?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, पण विचारतात कमी जण. इथं शाई म्हणजे वेळ. डोळ्याला चित्र लुकलुकायला नको असेल तर ते सेकंदाला ५० वेळा तरी पुन्हा काढावं लागतं, म्हणजे एका चित्राला २० मिलिसेकंद. साउंड कार्ड ४८ किलोहर्ट्झचं असेल तर ४८,००० भागिले ५०, एका चित्राला ९६० पॉइंट. १९२ किलोहर्ट्झला ३,८४०. एवढीच तुमची शाई, ती कुठं खर्चायची ते तुम्ही ठरवा. रेघ लांब पण पॉइंट कमी, तर ती फिकट. आखूड रेघेत पॉइंट जास्त, तर ती झगझगीत. म्हणून पॉइंट रेघेच्या लांबीच्या हिशेबानं वाटा. निपाणीच्या एका पोरानं माझ्याकडं आणलेल्या चित्रात घर फिकट आणि घराची कडी डोळे दिपवणारी होती, कारण त्यानं दोन्हीला ५०-५० पॉइंट दिले होते.

एका आकृतीवरून दुसरीकडं जाताना मधली रेघ दिसते. ती कशी घालवायची?

झेड सॉकेट असेल तर त्यात सिग्नल देऊन किरण तेवढ्यापुरता विझवता येतो. बहुतेक यंत्रांना साधा ५ व्होल्टचा सिग्नल चालतो. काहींत वर गेला की विझतो, काहींत उलट. किती व्होल्ट सहन होतात ते माहितीपुस्तिकेत बघितल्याशिवाय लावू नका.

झेड नसेल तर धारवाडकडची कसूती आठवा. तिच्यातल्या गवंती टाक्यात सुई टाके सोडत पुढं जाते आणि सोडलेल्या जागा भरत त्याच वाटेनं परत येते. गाठ नाही, मागं लोंबणारा दोरा नाही. तुम्हीही तेच करा. फांदीच्या टोकापर्यंत गेलात तर त्याच रेघेवरून परत या, मगच पुढची फांदी. ती रेघ थोडी उजळ होईल, पण भलतीकडं दोरा दिसणार नाही. जिथं उडी टाळताच येत नाही, तिथं मध्ये एकही पॉइंट न देता उडी मारा आणि उतरल्यावर दोन पॉइंट थांबा. उडीची रेघ इतकी फिकट होते की ट्यूबलाइटच्या उजेडात दिसत नाही. माझ्या बायकोनं मला हे पहिल्यांदा सुचवलं. तिच्या हातात तेव्हा खरोखरच सुई होती.

चित्र पाण्यात बघितल्यासारखं हलतं.

मेन्सचा ५० हर्ट्झ आत शिरलाय. तुमचं चित्र सेकंदाला ४९ किंवा ५१ वेळा निघत असेल तर ते सेकंदातून एकदा डुलतं. बरोबर ५० वर आणा, डुलणं जवळपास थांबतं. चित्र थोडं वाकडं राहील, पण स्थिर राहील. मूळ दुखणं बहुधा ग्राउंडचं असतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. सगळ्यात सोपं म्हणजे बोर्ड पॉवर बँकेवर चालवा. पिको इतका कमी करंट खातो की काही पॉवर बँका "काहीच जोडलेलं नाही" समजून बंद होतात. मग शेजारी एखादा एलईडीचा दिवा जोडायचा.

मराठी अक्षरं काढता येतील?

इंग्रजीपेक्षा सुंदर येतात, असं माझं मत आहे आणि ते पक्षपाती आहे. तयार फॉन्ट उपयोगी नाहीत, कारण त्यांत अक्षराची बाहेरची कड असते आणि आपल्याला मधली एकच रेघ हवी असते. आलेखाचा कागद घ्या, पेन्सिल न उचलता अक्षर काढा आणि वळणांचे अंक टिपा.

आपण पाटीवर लिहायला शिकलो ती पद्धतच इथं उपयोगी पडते. आधी सगळी अक्षरं, शेवटी एका दमात शिरोरेषा. प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ काढली तर जोडांवर ठिपके चमकतात आणि शब्द खिळे ठोकल्यासारखा दिसतो. एकदम ओढली की शिरोरेषा सलग उजळते, शिवाय ठिपका आपोआप शब्दाच्या शेवटी, पुढच्या शब्दाजवळ येऊन थांबतो. माझ्या हिशेबानं "बेळगाव" २३० पॉइंटांत बसतं. आकडे तर फारच सोयीचे: १, ७, ९ एका रेघेत होतात, ० म्हणजे लंबवर्तुळ. देवनागरी आकड्यांचं घड्याळ हा पहिला प्रकल्प म्हणून मी सगळ्यांना सुचवतो. कन्नड आकडेही गोलाईमुळं छान येतात. शेजारच्या गुरुनाथनं एकाच घड्याळात बटण दाबून दोन्ही लिपी आलटून पालटून दाखवल्या आहेत.

गणपतीच्या सजावटीत किंवा शिवजयंतीच्या चित्ररथावर लावता येईल?

चित्ररथावर नको. ८ बाय १० सेंटिमीटरचा पडदा गर्दीत कुणाला दिसणार, आणि जनरेटरच्या हादऱ्यात नळी टिकणार नाही. घरच्या गणपतीपुढं मात्र शोभतो. लग्नपत्रिकेवर असतो तसा एका रेघेतला गणपती इंकस्केप ह्या रेघांच्या चित्रांच्या प्रोग्राममध्ये गिरवा, त्याचे पॉइंट काढा आणि बोर्डात भरा. फोटो टाकून "ह्याचं चित्र कर" म्हटलं तर होत नाही. रेघांत उतरलं तेवढंच इथं उतरतं.

पडदा खराब होतो का?

होतो. ठिपका एका जागी तेजस्वी थांबला की तिथली फॉस्फर (पडद्यावरचा चमकणारा लेप) जळते, आणि ते परत येत नाही. माझ्याच सीआरओवर मधोमध एक काळा डाग आहे. प्रोग्राम अडकला, मी जेवायला गेलो होतो. आता तो नजर लागू नये म्हणून लावलेल्या तीटेसारखा दिसतो, पण तुम्ही लावू नका. इंटेन्सिटी चित्र जेमतेम दिसेल इतकीच ठेवा, सिग्नल जोडल्यावर वाढवा, काढण्याआधी कमी करा. प्रोग्राममध्ये वॉचडॉग (अडकला की बोर्ड पुन्हा सुरू करणारा पहारेकरी) लावा.

शॉक लागायची भीती आहे का?

झाकण बंद असेल तर आणि अर्थिंग नीट असेल तर नाही. २० मेगाहर्ट्झच्या साध्या यंत्रातही आत सुमारे २,००० व्होल्ट असतात, आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. अनुभव नसेल तर उघडू नका. बीएनसीची बाहेरची कडी थेट अर्थला जोडलेली असते, म्हणून प्रोबचा ग्राउंड मेन्सच्या कुठल्याही सर्किटला चिकटवू नका. जुन्या वाड्यात तीन पिनांचं सॉकेट नसतं म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करण्यापेक्षा वायरमनला बोलवा.

सामान कुठून आणायचं?

रेझिस्टर, सोल्डर, बोर्ड बेळगावात मिळतात. एमसीपी४९२२ सारखी चिप ऑनलाइन किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, बेंगळुरूला एस. पी. रोडवर. सीआरओ बेंगळुरूहून आणत असाल तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये तो सीटखाली सरकवू नका, मांडीजवळ ठेवा. पडदा अंगाकडं, भोवती चादर. नळीची मान पातळ काचेची असते.

पावसाळ्यात ठिपका फुगतो, नॉब खरखरतात.

खानापूर-जांबोटीकडच्या ओलीत हे व्हायचंच. दमटपणामुळं हाय व्होल्टेजच्या भागात गळती होते आणि फोकस बिघडतो. महिनाभर कपाटात ठेवण्यापेक्षा दोन दिवसांतून तासभर चालू ठेवा, त्याची स्वतःची ऊब पुरते. नॉबना कॉन्टॅक्ट क्लीनर. खोबरेल तेल नव्हे.

ह्याचा चित्राशिवाय काही उपयोग?

मिरजेचे तंबोरे आपल्याला जवळ. दोन तारांना दोन छोटे पिएझो (कंपनाचं व्होल्टेज करणाऱ्या चकत्या) चिकटवा, एक एक्सला, एक वायला. मधल्या जोडीच्या तारा तंतोतंत जुळल्या की लंबवर्तुळ थांबतं. एक हर्ट्झचा फरक असेल तर ते सेकंदाला एक फेरा घेतं. कानाला कळायच्या आधी डोळ्याला कळतं. एका गायनमास्तरांना दाखवलं, त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि डोळे मिटून कानानंच लावला.

खेळ करता येतो का?

१९५८ मध्ये अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथमनं पाहुण्यांसाठी टेनिसचा खेळ केला तो ५ इंची ऑसिलोस्कोपवरच, अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर जोडून. त्याच्यापेक्षा कितीतरी ताकदीचा बोर्ड तुमच्या खिशात आहे. दोन पोटेन्शिओमीटर, एक रेघ, एक ठिपका. करा.

मोबाइलवर फोटो काढला की अर्धंच चित्र येतं.

शटर फार लहान आहे. प्रो मोडमध्ये १/२५ सेकंद ठेवा, म्हणजे ५० हर्ट्झची दोन पूर्ण चित्रं त्यात मावतात. आयएसओ कमी, फ्लॅश बंद, खोलीतला दिवा बंद. मोबाइल हातात धरू नका, पुस्तकांच्या चवडीला टेकवा.